दोन स्वल्पविरामांमधली जागा

"हा कोण रे, स्वीपर?"

सरांनी भर वर्गात यादी वाचता वाचता विचारलं. माझं नाव, बापाचं नाव आणि आडनावाच्या रकान्यात इंग्रजीत छापलेलं, स्वीपर. साठ पोरं खदाखदा हसली. मी उभा राहिलो.

"बाप काय करतो?"

"माधवनगरच्या मिलमध्ये झाडू मारतो."

"मग मशीननं बरोबर ओळखलं की!"

पुन्हा हशा.

सत्तरचं दशक संपत आलेलं. सांगलीतल्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नुकताच आला होता. सर परदेशातून सी भाषा शिकून आलेले, त्याची लय घमेंड. वर्गाची माहिती त्यांनी मशीनला दिली होती. एका पोराची एक ओळ. नाव, बापाचं नाव, आडनाव, बापाचा धंदा. मध्ये स्वल्पविराम. सरांचा प्रोग्राम ती ओळ स्वल्पविरामापाशी तोडायचा आणि एकेक तुकडा एकेका रकान्यात टाकायचा. त्यावरनंच परीक्षेची ओळखपत्रं छापायची होती.

माझ्या ओळीत आडनाव नव्हतं. रहिमतपूरच्या शाळेत माझं नाव घालताना मास्तर आमची जातच आडनाव म्हणून लिहायला निघाले. तेव्हा बाप म्हणाला, "आवं मास्तर, ती जागा मोकळी ऱ्हाऊ द्या. पोराच्या नावाफुडं जात न्हाई लावायची." वरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणताना मी बापाला तेव्हा एकदाच पाहिलं.

वर्ग सुटल्यावर सरांना म्हणालो, "सर, दुरुस्त करा."

"आडनाव लिहून आण, आपोआप होईल. जातीचं असेल की काहीतरी. लाजतोस कशाला?"

मायला, वर मलाच विचारतोय! मेसमध्ये सुरू झालं, "ए स्वीपर, ताट उचल." रडलो, खोटं कशाला सांगू.

सरांनी मोठ्या मिजाशीत प्रोग्रामचा कागद भिंतीवर लावला होता. तो वहीत उतरवून घेतला. बोट ठेवून अक्षरन् अक्षर वाचलं. तिसऱ्या दिवशी सापडलं. नवा तुकडा घेण्याआधी प्रोग्राम समोर येतील तेवढे स्वल्पविराम ओलांडून जात होता. दोन लागून आले, तर मधली मोकळी जागा त्याच्या लेखी नव्हतीच. मग धंदा सरकून आडनावात बसायचा. मशीननं डोंबलाचं ओळखलं होतं! एका वेळी एकच स्वल्पविराम ओलांडायचा, लगेच दुसरा आला तर रकाना रिकामा ठेवायचा. चार ओळींचा बदल. लिहिला आणि सरांपुढे ठेवला.

त्यांनी दोनदा वाचलं. चेहरा उतरला. मग कागदाची घडी घातली.

"याची वर्गात वाच्यता नको. तू पाटील लिही, जाधव लिही, कुणाला कळतंय? आडनाव नसेल तर ओळखपत्र नाही, परीक्षा नाही."

"न्हाई लिवणार." आवाज फाटला माझा. "चूक तुमच्या प्रोग्रामात हाय. माझ्या बापात न्हाई."

"चल, बाहेर हो."

"व्हतो. पर तुमी हसला तवा साठ जण व्हती. चूक सांगताना बी साठच पायजेत."

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत फळ्यावर सगळं लिहिलं. माझी ओळ, लागून आलेले दोन स्वल्पविराम, ती कुठं तुटते, का तुटते. पोरं वाचत होती. सर आले. फळा बघितला. डस्टर उचलून माझ्यापुढं धरला.

"पूस ते."

झाडूवाल्याच्या पोराला पुसायला सांगायचं, त्यांना जराही विचार करावा लागला नाही. मी हात मागं बांधले.

"आदी चूक कबूल करा. मग तुमीच पुसा."

परीक्षा जाऊ दे, वर्ष जाऊ दे. बापानं मोकळी ठेवलेली जागा मी कुणाच्या बापाला भरू देणार नव्हतो.