थ्री फेजची मोटार, सिंगल फेजची गल्ली

लातूरच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं लोखंडी कपाटांना रंग मारायचो. सासरे गेल्यावर सासूबाई एकट्या पडल्या, तेव्हा आम्ही बिऱ्हाड देगलूरला हलवलं. बायकोचं माहेर तेच माझं घर झालं. घरामागं पत्र्याची शेड होती, पूर्वी तीत हरभऱ्याची पोती असायची. तिथं मी माझं काम मांडलं. जुनी कपाटं, कॉट, पाळणे, सायकली घासायच्या आणि रंगवून परत द्यायच्या. काम मिळायला लागलं, पण रंग ब्रशनं मारावा लागायचा. लातूरला स्प्रे गन हातात धरून सवय झालेली. ब्रशचे ओरखडे दिसले की मला ते काम माझं वाटायचंच नाही.

आमच्या गल्लीत चार घरं सोडून एक म्हातारे काका लेकीकडं राहायला आले होते. धर्माबादच्या एका डाळमिलमध्ये त्यांनी उभा जन्म मिस्त्री म्हणून काढला. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा मालकानं विचारलं, "तुला काय पाहिजे?" काकांनी मागितला हवेचा कंप्रेसर. यंत्रांवरची धूळ उडवायला तो मिलमध्ये असायचा आणि त्याचं सगळं काकाच बघायचे. आता तो लेकीच्या अंगणात खताच्या पोत्यांखाली पडून होता. लेक त्यावर गोधड्या वाळत घालायची.

एके सकाळी काका शेडच्या दारात येऊन उभे राहिले. मी एका कॉटचे पाय रंगवत होतो.

"ब्रशनं कशामुळं मारायलास?"

"कंप्रेसर न्हाई, काका."

"माझ्याकडं हाय की. घेऊन ये."

मी जाऊन पाहिला. मोठी काळी टाकी, वर दोन पिस्टनचं डोकं, पट्ट्यावरची मोटार. माझा जीव आधी हरखला, मग मोटारीवरची पाटी वाचून खचला. मोटार थ्री फेजची. आमच्या गल्लीत येते ती घरगुती सिंगल फेज. थ्री फेजची लाइन हमरस्त्याच्या खांबापर्यंतच आहे. तिथून शेडपर्यंत आणायची, तर मधे दोन घरांच्या गच्च्या आणि एक चिंचेचं झाड.

"काका, हे आमच्याकडं चालायचं न्हाई," मी म्हणालो.

"शेतात लोक चालवतेत की सिंगल फेजवर. कंडेन्सर लावतेत." एवढं बोलून ते तिथंच टाकीजवळ उकिडवे बसले आणि पोत्याच्या तुकड्यानं तिच्यावरची धूळ पुसायला लागले. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. दुपारी हातगाड्यावर घालून आम्ही तो शेडमध्ये आणला.

कंडेन्सर चुलत मेव्हण्याच्या शेतातून मिळाले. तो पंपासाठी वापरायचा. जोडणी मीच केली, त्यानं फोनवर सांगितली तशी. काका पट्ट्यापाशी उभे राहिले, मी बटण दाबलं.

मोटार फिरली नाही, नुसती हुंकारली. शेडमधला दिवा विझल्यासारखा झाला. काकांनी हातानं चाक ढकलून दिलं, तेव्हा ती कशीबशी फिरायला लागली. टाकीवरचा काटा हळूहळू चढू लागला. शेजारच्या मावशींनी भिंतीवरून ओरडून विचारलं, की आमचा मिक्सर का दमलाय? मी तिकडं लक्ष दिलं नाही. काटा अर्ध्यावर आला आणि मोटारीचा आवाज बदलला, जड झाला.

काका हात हलवत ओरडले, "चालु! चालु!"

मी म्हणालो, "हाव, चालूच हाय."

"चालु! अरे चालु!"

मला वाटलं, म्हातारा आनंदानं ओरडायलाय. मीही हसलो आणि बटणाला हात लावला नाही. मग जळका वास आला. मोटारीच्या जाळीतून निळसर धूर निघाला. तेवढ्यात बायको घरातून धावत आली आणि तिनंच बटण बंद केलं.

"अहो, ते बास म्हणायलेत!" ती माझ्यावर ओरडली. "तेलुगूत चालु म्हणजे बास!"

काकांची घरची बोली तेलुगू. माझ्याशी ते मराठीच बोलायचे, पण घाबरल्यावर तोंडातून आपली बोली आली. देगलूरची बायको ते जन्मापासून ऐकत आलेली. मी लातूरचा, मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरी लाजेनं माझी मान वर होईना. काका मोटारीजवळ गेले. मोटारीवर हात ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला आणि चपला घालून घरी गेले.

पुढचे आठ दिवस ते शेडकडं फिरकले नाहीत. लेक सांगायची, जेवतात आणि भिंतीकडं तोंड करून पडतात. मला फार वाईट वाटत होतं. एवढी वर्षं ज्या माणसानं ती मोटार सांभाळली, त्याच्यासमोर ती मी एका झटक्यात जाळली. जो भेटेल तो म्हणायचा, टाक ती भंगारात आणि सिंगल फेजची नवी बसव. मलाही पटत होतं. पण नवीचा दांडा वेगळा, पुली वेगळी, आणि खरं सांगायचं तर काकांना काय सांगायचं, हे मला कळत नव्हतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "एकदा वायंडिंगवाल्या ताईंना तरी दाखवा."

या ताईंचं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला आहे. मोटारीत तांब्याची तार भरायचं काम, वडिलांकडून शिकलेलं. तालुक्यातले जळके पंप त्यांच्या ओट्यावर रांगेत पडलेले असतात. त्यांनी मोटार उघडली, आत नाक घालून वास घेतला, बोटं फिरवली आणि मीटर लावला.

"जळाली न्हाई," त्या म्हणाल्या. "तारा बांधलेला वरचा दोराच करपलाय. आतलं तांबं चांगलं हाय. असं तांबं आता कोण भरतंय?"

मी झालेलं सगळं सांगितलं, ते चालु-चालुसुद्धा. त्या पोट धरून हसल्या. मग समजावून सांगू लागल्या.

"दादा, तुम्ही हिला अर्ध्या पोटी पळवलं. मिलच्या विजेला ही भरपूर जेवायची, तुमच्या घरच्या विजेत तेवढा जोरच न्हाई. आत तीन टोकं एका गाठीत बांधलेली हायत. ती गाठ सोडायची, सहाच्या सहा वायरी बाहेर काढायच्या अन् टोकाला टोक लावून त्रिकोण जोडायचा. मग घरच्या विजेवर हिचं पोट भरतंय. पण हिला तीन फेज तर लागतेतच. त्याला ड्राइव्ह म्हणून एक यंत्र मिळतंय, नांदेडला. एक फेज आत घेतंय, तीन बाहेर देतंय."

मी घरी न जाता थेट काकांकडं गेलो. ते पडलेलेच होते.

"काका, मोटार जिती हाय."

ते उठून बसले. "कोण म्हणलं?"

"ताई. उद्या गाठ सोडणार हायत."

"गाठ? मला बघायचीय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात स्टुलावर बसून होतो. ताईंनी वार्निशनं दगडासारखा झालेला दोरा ब्लेडनं कापला. गाठ कुठं आहे ते दिसत नव्हतं. त्या डोळे मिटून बोटांनी चाचपत राहिल्या, आणि एका जागी थांबल्या. तिथं खरवडलं तर आत कथलानं झाळलेला जोड निघाला. काका स्टुलावरून अर्धे उठले होते. "हिच्या पोटात एवढं हाय, मला कधी दिसलंच न्हाई," ते म्हणाले. वायरी काढून, नवा दोरा बांधून, वार्निश वाळवून मोटार चार दिवसांनी मिळाली.

ते चार दिवस काकांनी फुकट घालवले नाहीत. मी नांदेडला जाऊन ड्राइव्ह आणेपर्यंत त्यांनी शेडचा ताबाच घेतला. खालची तोटी उघडली, तर टाकीतून चहासारखं पाणी निघालं. ते म्हणाले, टाकी तपासल्याशिवाय एक श्वास हवा भरायची नाही. नळवाल्याकडून दाब द्यायचा हातपंप आणून आम्ही टाकी पाण्यानं काठोकाठ भरली आणि दाब वाढवत नेला.

"पाण्यानं का?" मी विचारलं.

"हवेनं फुटली तर बाँब हाय. पाण्यानं फुटली तर नुसती गळतीय."

टाकी टिकली. एक थेंब कुठून आला नाही. सेफ्टी वॉल्व्ह मात्र त्यांनी नवा घ्यायला लावला. डोक्याशेजारी एक बारीकशी झडप होती. मशीन थांबलं की पिस्टनवर अडकलेली हवा तिनं सोडून द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी मोटार मोकळी सुरू होते. ती गंज आणि जुन्या तेलानं पक्की बसली होती. काकांनी ती रॉकेलमध्ये भिजवली, दाढीच्या ब्रशनं घासली आणि तोंडानं फुंकून बघितली. "त्या दिवशी हिनंबी मोटारीला दाबून धरलं होतं," ते म्हणाले. "सगळी चूक तुझी नव्हती." त्यानंतर आम्ही त्या दिवसाबद्दल मोकळं बोलू लागलो.

जोडणीला ताई स्वतः आल्या. टाकीत दाब पुरा झाला की कंप्रेसरवरचा प्रेशर स्विच आधी मोटारीचीच वीज तोडायचा. त्यांनी तो तिथून काढून ड्राइव्हच्या बारीक वायरींना जोडला. "ड्राइव्ह अन् मोटारीच्या मधी कसलंच स्विच नको, न्हाईतर ड्राइव्ह मरतंय," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मोटार एका दमात न उचलता सावकाश वेग घेईल असं त्यांनी बसवून दिलं. वेग फार कमी ठेवायचा नाही, नाहीतर पिस्टनला तेल पोचत नाही, हे काकांनी सांगितलं, आणि ताईंनी मान डोलावून तसंच केलं.

सुरू करायच्या आधी माझी बायको म्हणाली, "आता थांबवायचं असंल तर काय म्हणायचं ते ठरवा." ठरलं की नुसता हात वर करायचा.

बटण दाबलं. आधी एक बारीक शीळ आली, मग चाक अगदी निवांत फिरायला लागलं आणि सहा-सात सेकंदांत भरधाव झालं. दिवा तसाच राहिला. भिंतीपलीकडं मावशींचा मिक्सर तसाच गुरगुरत होता. काटा अर्ध्याच्या पुढं गेला, वर गेला, आणि ठरल्या जागी मशीन आपसूक थांबलं. झडपेतून 'फुस्स' असा आवाज आला. काका त्या आवाजाला लहान मुलासारखे हसले. हात वर करायची गरजच पडली नाही.

तेव्हापासून माझ्या कामाला चकाकी आली. उदगीरहूनही कपाटं यायला लागली. काका रोज सकाळी येतात, तोटी उघडून टाकीत हवेतून साचलेलं पाणी सोडतात, तेल बघतात आणि दारात खुर्ची टाकून बसतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं गंजलेलं कपाट रंगवायला आलं. माझं अस्तर मारून झालं आणि मी सहज विचारलं, "काका, तुम्ही कधी गन धरली का?"

"मी? मी हवा देणारा माणूस. उडवणारे दुसरेच असायचे."

मी गन त्यांच्या हातात दिली, तोंडाला फडकं बांधलं. पहिले दोन फटके तिरके गेले, मग सरळ यायला लागले. आकाशी रंगाचं एक दार त्यांनी पूर्ण मारलं. एका कोपऱ्यात फार वेळ थांबल्यामुळं रंग ओघळला. मी म्हणालो, वाळल्यावर घासून परत मारू. त्यांनी लांब उभं राहून बघितलं, जवळ येऊन बघितलं.

"राहू दे. लेकीला विचार."

लेक आली, तिनं ओघळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "घासायचं न्हाई, दादा." कपाट तसंच गेलं. आता ते त्यांच्या पुढच्या खोलीत उभं आहे, आत पापड-कुरडयांचे डबे असतात. मी गेलो की काका मला तो ओघळ दाखवतात आणि लेकीला चहा टाकायला सांगतात.