बापूमामांचे चार तारे

बापूमामा कौतुक करायला लागले, की आमच्या घरात आधी घाबरायची पद्धत होती. कारण त्या कौतुकाच्या शेपटाला 'पण' असायचा. माझ्या लग्नात जेवून उठताना ते आचाऱ्याला म्हणाले, "भात मोकळा, आमटी झकास. पण नवरदेवापेक्षा पापड ताठ होते." नवरदेव मी.

एसटीच्या कंडक्टरकीत त्यांनी जव्हार-मोखाड्यातल्या सगळ्या टपऱ्या चाखल्या होत्या. कुणी विचारलं, की तिकीट फाडता फाडता सांगायचे, "पोशेऱ्याला चहा चांगला, पण भजी सकाळचीच खा."

माझ्या धाकट्या बहिणीनं, सुनीतानं, जव्हारला खाणावळ काढली, तेव्हा मामा निवृत्त झाले होते. गिऱ्हाईक फिरकेना. दिवाळीपर्यंत जम बसला नाही, तर कुलूप लावून ठाण्याला कामाला जायचं, असं तिनं ठरवलं होतं. मग आम्ही सगळे नातेवाईक मोबाइल घेऊन, नेटवर खाणावळीबद्दल चांगलं लिहायला, मदतीला धावलो. ठाण्याच्या काकूंनी खाणावळ न बघताच लिहिलं, 'इथून सूर्यास्त अप्रतिम', आणि पाच तारे. तिथल्या खिडकीतून डेपोची भिंत दिसते. मी लिहिलं, 'इथं एकदा जेवलात, की परत घरी जाणार नाही.' वाचणाऱ्यांना ती धमकी वाटली असावी.

मामा मात्र आधी जाऊन जेवले. मग चष्मा पुसून, एका बोटानं लिहिलं: 'नाचणीची भाकरी सांगितल्यावर थापतात, म्हणून वेळ लागतो. घाई असेल त्यांनी स्टँडवर वडापाव खावा. उडदाची आमटी तिखट आहे, लहान मुलांसाठी तूप मागून घ्या. पाणी मात्र मागावं लागतं.' तारे चार.

सुनीता भडकली. "मामा, घरचे असून चारच?"

"जेवलो तेवढं लिहिलं, पोरी. पाचवा कुठं पळतोय? आधी पाणी ठेवत जा, मग देतो."

पुढच्या रविवारी नाशिकचं एक कुटुंब आलं. "आम्हाला घाई नाही," म्हणत ऐसपैस बसलं. "भाकऱ्या थापायला घ्या. आणि या छोटीसाठी तूप." त्यांच्यामागून तसेच बिनघाईचे लोक येत राहिले. दिवाळी आली आणि गेली. कुलूप काही लागलं नाही.

मामा पुन्हा जेवायला आले, तेव्हा ते टेकायच्या आत पाणी समोर. जेवून म्हणाले, "पाचवा पक्का. पण चष्मा घरी राहिला, सवडीनं देतो." त्या आठवड्यातच मामा गेले.

परवा मी सुनीताला म्हटलं, "मामांचा मोबाइल मामींकडे आहे. तो पाचवा तारा मी दाबून टाकतो."

"राहू दे, दादा. त्यांनी दिले तेवढेच खरे," ती म्हणाली, आणि मी बसायच्या आत पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.