बारा बयानं, एक विहीर

वकीलसाहेबांचं ऑफिस शहरातल्या महाल भागात आहे आणि मी त्यांची दुभाषी. कामठीच्या पुढे एका विदेशी कंपनीचा रंगाचा कारखाना होता. गावच्या विहिरीचं पाणी नासलं म्हणून सरकारने त्याचा परवाना काढून घेतला आणि कंपनी सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादात गेली. सरकारच्या बाजूने बारा गावकऱ्यांची बयानं आम्ही तयार केली.

आमच्याकडे बयान कसं घेतात ते सांगते. पहिला माणूस कारखान्यातलाच कामगार होता. साहेबांनी त्याला नीट खोदून खोदून विचारलं, टाइप करवलं. बाकीच्या अकरांच्या कागदावर नाव नि वय तेवढं बदललं. वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या झाल्या. जिल्हा कोर्टात जन्मभर हेच चाललं, कोणी हूं की चूं केलं नाही.

कंपनीच्या वकिलांनी ते सगळं एआयला वाचायला दिलं. उत्तर लगेच आलं: मजकूर एकच, साक्षीदार पढवलेले. लाल खुणांनी भरलेली पानं बघून साहेब भडकले. "अरे, पाणी सडलं तर एकाने खारट म्हणायचं नि दुसऱ्याने गोड?" मला त्यांचाच राग आला. मशीनला विहीर दिसत नाही, कबूल. पण तिच्या हातात आयतं कोलीत दिलं कोणी?

लवादाने एकाच साक्षीदाराला तोंडी ऐकायचं ठरवलं. कंपनीने बारांमधली, त्या पहिल्या कामगाराची बायको निवडली. ती घाबरेल असं वाटलं असावं. व्हिडिओ सुनावणीसाठी आमच्या ऑफिसातल्या पडद्यासमोर ती पदर सावरून बसली. नवरा बाहेर बाकावर. कारखान्याविरुद्ध बोलला, लोकांचा रोजगार बुडाला, म्हणून अर्ध्या गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

लवादाच्या अध्यक्षांनी विचारलं ते मी तिच्या बोलीत सांगितलं. "तुमचं बयान बाकीच्यायसारखंच काहून हाये?"

"काहून म्हंजे? विहीर एकच हाये नं, सायेब."

मग ती बोलतच गेली. भात निळसर कसा व्हायचा, पोरांच्या अंगाला खाज कशी सुटायची. लवादाचे तिघेही सदस्य लिहून घेत होते. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

काही आठवड्यांनी आदेश आला. तिची साक्ष ग्राह्य, बाकीची अकरा बयानं बाद. साहेब म्हणाले, "चला, एक तर वाचलं," आणि संत्रा बर्फी मागवली. मी तिला फोन लावून आदेश सांगितला.

तिने विचारलं, "म्हंजे माहं खरं, अन् माह्या मानसाचं खोटं?"

"खोटं नाही म्हटलं हो. धरलं नाही फक्त."

"तेच झालं नं वं बाई. पयलं तर त्यानंच सांगतलं होतं. माह्या कागदावर त्याचंच बोलनं होतं."

मी समजावायला लागले, तसं तिने मला मधेच थांबवलं.

"हळू बोला. तो बाजूलेच बसून आयकून राहिला."