माने साहेबांचा बांध

माने साहेब गेल्याची बातमी मला कचेरीत कळली. सांगणारा सहकारी डोळे पुसत होता आणि मी हातातला चहा संपवला. शोकसभेत सगळे त्यांना शिस्तप्रिय म्हणाले, कुणी प्रेमळही म्हणालं... ते प्रेमळ नव्हते. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी रत्नागिरीकडचा, म्हणून "ए रत्नागिरी," म्हणायचे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहिताना अपराधी वाटतं, पण गोड लिहिलं तर जास्त वाटेल.

ते सांगलीकडचे. आमच्या गावाला पावस गावच्या रस्त्याशी जोडणारा बांध घालायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा मी त्यांचा ज्युनिअर इंजिनिअर होतो आणि त्याच गावचा मुलगाही. बांध खाजणातून जायचा होता. भरतीचं पाणी शिरणारी ती काळी, चिकट जमीन भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. आधी टाकलेला दगडाचा भराव तिनं गिळला होता. साहेबांनी ठरवलं, तीच माती वापरायची, पण चुना मिसळून आणि नारळाच्या सोडणांचा काथ्या बोटाएवढा कापून त्यात घालून. चुन्यानं माती घट्ट होणार, काथ्या तिला फाटू देणार नाही. गावातले लोक बघायला यायचे.

"सायेब, शेंड्या पुरताव तर वर नारळ पन फोडा," एकजण म्हणाला.

साहेब हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या गावात एवढाच शहाणा आहे, का अजून आहेत?"

शेवटचा थर रोलरनं दाबून त्यावर ओली गोणपाटं अंथरली आणि दुसऱ्याच दिवशी शिमग्याची पालखी आली. पालखीची जुनी पायवाट आता बांधाखाली गेली होती. साहेबांनी रोलर बांधाच्या तोंडाशी आडवा लावला आणि त्याला टेकून उभे राहिले. पालखीचा पहिला खांदा माझ्या वडिलांचा. त्यांनी ढोल थांबवला.

"सायेब, देवाची वाट हाय ही. एवढा रोलर चालला वरनं, आमच्या उघड्या पायांनी काय व्हनार?"

"रोलर दाबतो. तुम्ही पालखी नाचवणार. चुना अजून धरतोय, आज हलला तर पावसात सगळं वाहून जाईल. तुमच्या देवाला म्हणावं, आठवडाभर कळ काढ."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलास ना ह्यातलं? तू सांग."

साहेबांचं बरोबर आहे, एवढंच मी म्हणालो. न नाचवता हळू नेता आली असती का, हे मी विचारलं नाही... साहेबांनीही सुचवलं नाही.

ओहोटी होती. पालखी बांधाखालच्या चिखलातून निघाली. मधेच वडिलांचा पाय रुतला, पालखी कलंडली आणि दांडा चिखलात टेकला. वडिलांनी गावकीत पहिल्या खांद्याचा मान सोडला, तो कायमचा. पुढे मरेपर्यंत त्यांनी पालखीला खांदा दिला नाही. साहेब मला म्हणाले, "बांध वाचला ना? मग तोंड कशाला पाडलंयस?"

मी त्यांना माफ केलं नाही. बांध पहिल्या पावसात हलला नाही, त्याचाही मला राग आला. बदली होऊन ते गेले. मग आजारी पडल्यावर त्यांनी एकाकडून निरोप धाडला, "रत्नागिरीला म्हणावं, बांध बघून ये आणि कळव." मी कळवलं नाही. टिकला आहे असं कळवणं म्हणजे वडील चुकले असं लिहून देणं, असं वाटायचं. त्यांनी पुन्हा निरोप धाडला. पुन्हा मी गप्प राहिलो.

शोकसभेनंतरच्या रविवारी बांधावर गेलो. एका कडेची माती पावसानं झिजली होती आणि तिथून काथ्याचे दोरे बाहेर आले होते. एक दोरा बोटाला गुंडाळून ओढला. तो सुटावा, सोबत मूठभर माती यावी, अशी माझी फार इच्छा होती. बोट पांढरं पडलं, मग काचलं. दोरा तिथंच होता. दुसऱ्या हातानं मनगट धरून मी पुन्हा ओढला...