चाळणीवहिनी आणि स्वस्तातला जिग

खुर्ची मोडली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर धाकट्या भाऊजींचं वजन आणि त्यांची खुर्चीत बसायची पद्धत कळल्यावर वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायचा.

खुर्ची केली होती भाऊजींच्या थोरल्या भावाने. त्यांना सगळे सुतारदादा म्हणत. पण ती वर्कशॉपबाहेर जाण्याच्या लायकीची आहे की नाही, हे ठरवणार होती सुतारदादांची बायको. भाऊजींनी तिचं नाव ठेवलं होतं चाळणीवहिनी. "चाळणीतून निदान पीठ तरी खाली पडतं. आमच्या वहिनीच्या हातून काहीच सुटत नाही," असं ते चारचौघांत सांगत. ती तोंड वाकडं करी, पण मनातून तिला ते नाव आवडे.

कारण आयुष्यातली निम्मी वर्षं तिने तेच केलं होतं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणी विभागात होती. पुसून लख्ख केलेलं टेबल, डोक्यावर पांढरा दिवा, समोर ट्रेमध्ये चकचकीत पिना. मापाची एक कडी पिनेवरून सरकली पाहिजे, दुसरी अडली पाहिजे. तसं झालं तर पास. नाहीतर पिनेवर लाल रंगाचा ठिपका, की चालली भंगाराच्या पेटीत. ती पिन पुढे कशात बसणार, याच्याशी वहिनीला काही कर्तव्य नव्हतं. पुढे कारखाना दुसरीकडे हलला आणि ती नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पॉलिश करायला लागली. सवय मात्र हलली नाही. घरात नवी बादली आली तरी ती आधी फरशीवर ठेवून डुगडुगते का बघे. बादलीवाला तिला येताना पाहिलं की आपणहून दुसरी काढून ठेवी.

सुतारदादांचं नाव होतं ते जोडकामासाठी. एका लाकडात खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात गच्च बसणारं कुसू. ना खिळा, ना स्क्रू. पटाशीवर मोगरीचे ठोके घालत ते खाच कोरायला बसले की त्या ठोक्यांना एक ताल येई, आणि पलीकडे वहिनीचा पॉलिशचा बोळा आपसूक त्याच तालात फिरे. मग ते शिडीवरून पडले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं आणि जुळलंही, पण डॉक्टरांनी बजावलं, "करवत चालवा, रंधा हळूहळू चालवा. ठोके मात्र बंद. या मनगटाला हादरा नको."

ठोके बंद म्हणजे खाचा बंद, आणि खाचा बंद म्हणजे सुतारदादांच्या खुर्च्याच बंद.

भाऊजींचं प्लायवुडचं दुकान होतं. ते म्हणाले, "दादा, माझ्या काउंटरवर बस. डोक्यावर पंखा, बुडाखाली गादी, दिवसभर नुसतं 'पुढच्या आठवड्यात माल येईल' म्हणायचं." ते अगदी मनापासून म्हणत होते, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

"वाचनालयाला एक नमुन्याची खुर्ची कबूल केलीय," सुतारदादा म्हणाले. "ती जमली तर पुढच्या सगळ्या मलाच करायच्यात. नाही जमली, तर येतो तुझ्याकडे." हे बोलताना ते भावाकडे बघतच नव्हते. भिंतीवर ओळीने लावलेल्या पटाश्यांकडे बघत होते. वहिनीने ते पाहिलं.

एका प्रदर्शनात दोघांनी एक यंत्र पाहिलं होतं. हातात मावेल एवढं, लाकडाला टेकवलं की आत शिरून खाच तयार. सुतारदादांनी ते डाव्या हाताने चालवून बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. मग किंमत विचारली. यंत्र त्यांनी हळूच होतं तिथे ठेवून दिलं.

तेव्हापासून वहिनी मोबाइल घेऊन बसायला लागली. ऑनलाइन स्वस्तातलं काय मिळतं ते शोधायला. भाऊजी खांद्यावरून डोकावत. "वहिनी, हे घ्या की. पाचच्या पाच चांदण्या आहेत याला."

"चांदण्या कोण देतं, भाऊजी? ज्याने खोकं उघडून फोटो काढला तो. ज्याने वर्षभर वापरलं त्याला लिहायला वेळ कुठाय?" ती फक्त कमी चांदण्यावाल्यांचं वाचत असे. माणूस तक्रार करताना खरं आणि बारकाईने लिहितो, असा तिचा अनुभव होता.

तरीही पहिली वस्तू आली तिचा आवळायचा स्क्रू पहिल्याच पिळाला हातात आला. दुसरी म्हणजे त्या महागड्या यंत्राची हुबेहूब नक्कल. सुरू केल्यावर ती टेबलावरून स्वतःच चालत निघाली. "हिला वाचनालयात पाठवा, पुस्तकं पोचवेल," भाऊजी म्हणाले. दोन्ही परत गेल्या.

तिसरा आला तो एक जिग, म्हणजे ड्रिलला नेमकी वाट दाखवणारा साचा. ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा, त्यात स्टीलच्या दोन नळ्या. लाकडाच्या कडेवर आवळायचा आणि नळीतून साधं ड्रिल घालायचं. दोन्ही लाकडांत सारखी भोकं पडली की त्यात लाकडी खुंट्या आणि गोंद घालून जोड बसवायचा. ना ठोका, ना हादरा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हा आपोआप मध्य साधतो, कुठूनही लावा.

सुतारदादांनी एका तुकड्यात भोकं पाडली. वहिनीने बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, चष्मा पुसला, आणि पेपर तपासावा तसं एकेक भोक मोजलं.

"नळ्या घट्ट आहेत. ड्रिल डुलत नाही. भोक सरळ उतरलंय," ती म्हणाली. सुतारदादांचे डोळे चमकले. "पण मधोमध नाही. अर्धा मिलिमीटर एका अंगाला."

"अर्धा मिलिमीटर!" भाऊजी ओरडले. "वहिनी, माझा भांग याच्याहून जास्त सरकलेला असतो."

"तुमच्या भांगात कुणी खुर्ची जोडत नाही, भाऊजी." तिने खोक्यावर लाल ठिपका दिला. नापास.

"परत पाठवायच्या आधी मला एकदा करून तर बघू दे," सुतारदादा म्हणाले. त्यांच्या आवाजात अशी काही विनवणी होती की तिने मुकाट्याने खोकं पुढे सरकवलं.

भाऊजी दुकानाला गेल्यावर सुतारदादांनी खुर्चीच्या पुढच्या बाजूची चौकट गोंद न लावता नुसती जोडून बघितली. चार कोपरे. दोन असे बसले की नखालाही सांधा कळेना. उरलेल्या दोन्हींत मात्र एक लाकूड दुसऱ्याच्या पुढे आलेलं, स्पष्ट पायरी होती. ते पिंपावर बसले. "एकदा नीट, एकदा वाकडं. याचा काय भरवसा? धाकट्याला कळवून टाक, काउंटरवर येतो म्हणून." आणि ते पाणी प्यायला आत गेले.

वहिनी चौकटीपाशी उभी राहिली. सगळे कोपरे वाकडे असते तर तिला वाईट वाटलं असतं, पण पटलं असतं. दोनच नीट कसे? तिने चारही जोड सोडवले आणि एकेक भोक मोजलं. प्रत्येक भोक अर्धा मिलिमीटरच सरकलेलं होतं. ना जास्त, ना कमी. आणि लाकडावर उमटलेले जिगचे वळ बघता, सरकलं होतं तेही नेहमी जिगच्या ज्या अंगाला कंपनीचं स्टिकर होतं त्याच अंगाला. हा जिग भरकटत नव्हता. इमानेइतबारे एकच चूक करत होता.

"अहो!" तिने हाक मारली. "या लाकडांवर तुमची निशाणी कुठाय?"

सुतारदादा कुठल्याही लाकडाच्या चांगल्या बाजूला पेन्सिलने एक वेटोळं काढत. त्याला ते लाकडाचं तोंड म्हणत, आणि पुढची सगळी मापं त्या तोंडाकडूनच घेत. अगदी फळीला हुक लावायचा असला तरी.

"निशाणी कशाला?" ते दारातून म्हणाले. "कुठूनही लावा म्हणून लिहिलंय ना त्यात? यंत्राला कसलं तोंड नि कसली पाठ."

"आणि मी म्हणते मध्य चुकला की नापास!" वहिनीने कपाळावर हात मारला. "अहो, चुकतोय तो, पण दर वेळी तेवढाच आणि स्टिकरच्याच अंगाला. दोन्ही लाकडांत ते अंग तोंडाकडे ठेवलं तर..."

"तर दोन्ही भोकं तोंडाकडेच सरकणार," सुतारदादा सावकाश म्हणाले. मग एकदम, "म्हणजे जुळणारच की गं! आण ते तुकडे!"

पेन्सिलची वेटोळी निघाली. स्टिकर वेटोळ्याकडे, ड्रिल आत. जोड बसला. वहिनीने नख फिरवलं, मग परत फिरवलं, मग डोळे मिटून फिरवलं.

"पास का?" सुतारदादांनी विचारलं. निकालाच्या दिवशी पोरं विचारतात तसं.

कारखान्यात पास आणि नापास अशा दोनच पेट्या होत्या. अशा वस्तूसाठी तिसरी पेटी असायला हवी होती, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. "पास," ती म्हणाली, "पण तुमची निशाणी असेल तरच."

खुर्ची झाली. गोंद पुरता वाळला त्या दिवशी भाऊजी काउंटरचं काय ठरलं ते विचारायला आले. वहिनीने पुसलेली खुर्ची पुढे केली. "बसा."

भाऊजी बसले. बसले म्हणजे आदळले. मग त्यांनी नेहमीच्या सवयीने पाय टेकवून खुर्ची मागच्या दोन पायांवर कलवली आणि झुलायला लागले. सुतारदादांनी श्वास रोखला. आणि तेवढ्यात आवाज आला. कट्!

कुणी हललं नाही.

"गुडघा," भाऊजी म्हणाले. "माझा."

वहिनी इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. सुतारदादा खाली बसून एकेक जोड बोटाने चाचपत होते आणि चाचपता चाचपता त्यांचेही खांदे हलायला लागले.

भाऊजी उठले, खुर्चीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पटाश्यांकडे. "काउंटरला दुसरा माणूस बघतो मी," ते म्हणाले. "तू माझ्या गिऱ्हाइकांना प्लायवुड नको, लाकूडच घ्या म्हणून सांगत बसला असतास."

"असतोच," सुतारदादा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी कानावर पेन्सिल खोचली.

दुसऱ्या खुर्चीचं लाकूड टेबलावर आलं तेव्हा वहिनी लाल रंगाची डबी घेऊन जिगपाशी गेली.

"अगं अगं! आता काय चुकलं त्याचं?"

"काही नाही. स्टिकर निघून जाईल एखाद दिवशी," ती म्हणाली, आणि स्टिकरच्या शेजारी नेमका ठिपका दिला. "हे अंग तोंडाकडे. विसरू नका."

ड्रिल सुरू झालं. त्याला मोगरीसारखा ताल नव्हता. वहिनीने थोडा वेळ वाट पाहिली, मग बोळा पॉलिशमध्ये बुडवला आणि आपल्याच तालात हात फिरवायला लागली.