लिटरचे सहा मग

सेल्विन ओल्डरॉइड यॉर्कशरमधल्या आमच्या गिरणीगावात एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होता. माणूस नाकासमोर चालणारा. पिंपातून नळाने ओतायची बिअर विकायची ती पाइंटात, म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठ्या मापात, नाहीतर अर्ध्या पाइंटात, आणि ग्लासवर सरकारी मुकुटाचा शिक्का हवा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तो घडाघडा सांगे. बाकी काहीही लिटरवर जाऊ दे, बिअरला हात लावायचा नाही.

त्याला जिवाभावाचा असा एकच दोस्त होता, 'लॅम्ब' पब चालवणारा आल्फ ग्रीनवुड. आल्फची बायको मेव्हिस गेली आणि हा बोलका गडी मुकाच झाला. वर्षभर नुसता ग्लास पुसत उभा असायचा. मग जर्मनीहून बँडवाले पाहुणे आले आणि जाताना त्याला लिटरचे सहा मग देऊन गेले. शनिवारी संध्याकाळी आल्फने ते काठोकाठ भरून काउंटरवर विकायला मांडले.

"काय साहेब, बेड्या घालताय का?" आल्फने डोळा मारला.

"आधी पिऊ तरी दे की मेल्या!" सेल्विन म्हणाला, आणि अख्खा मग त्याने रिचवला. त्या संध्याकाळी आल्फ चक्क गायला.

इथवर सगळं छान होतं हो! पण सोमवारी कचेरीत कुणीतरी टोमणा मारला, "लिटरने पिऊन आलास म्हणे. दोस्तांना कायदा नसतो वाटतं?" सेल्विनच्या अंगाची लाही लाही झाली. तोंडी ताकीद देऊन भागलं असतं, तशी मुभाही होती. पण या शहाण्याने कागद ओढला आणि आल्फविरुद्ध रीतसर तक्रार लिहून मोकळा झाला. दंड किरकोळच झाला. पण पब बिअर कंपनीच्या मालकीचा, आणि कंपनीला शिक्षा झालेला माणूस नको होता. महिन्याभरात आल्फला 'लॅम्ब' सोडावा लागला. वरची ती खोलीही, जिथे मेव्हिसने डोळे मिटले होते. तो दूर समुद्रकाठी, मोरकमला बहिणीकडे गेला.

सेल्विनला तिकडे जायचा धीर व्हायला नऊ वर्षं लागली. तो गेला तेव्हा आल्फने चहा टाकला, बिस्किटं पुढे केली.

"चुकलं रे माझं, आल्फ. फार चुकलं."

"काउंटरवर कोपर टेकून एवढंच म्हणायचंस, 'आल्फ, उचल ते.' उचलले असते की मी."

"किती दिवसांनी हसत होतास तू. माझ्याच्यानं बोलवेना."

"ते शनिवारचं झालं," आल्फ म्हणाला. "सोमवारी काय झालं होतं?"

सेल्विन बशीतलं बिस्किट मोडत बसला. मग आल्फ उठला आणि सेल्विनचा कोट घेऊन आला.