अदृश्य न झालेली बाई

अकरा वर्षं मी इतरांचे चमत्कार दुरुस्त करत होतो. हे उद्धट वाटेल, पण माझ्या सेवेचं ते अगदी सरळ वर्णन आहे. आमच्या सत्संग परिवाराचं एक मासिक निघायचं, दर महिन्याला सगळ्यांच्या फोनवर येणारं, आणि त्यातल्या ‘अनुभव’ सदराचं संपादन माझ्याकडे होतं. कोणाचा पासपोर्ट हरवून सापडलेला, कोणाची नोकरी जाता जाता राहिलेली, कोणाची गाठ साधी निघालेली. लोक मनापासून लिहायचे आणि वाकडंतिकडं लिहायचे. मी शुद्धलेखन सुधारायचो, पाल्हाळ कापायचो आणि शेवट घट्ट करायचो. शेवटासाठी माझं एक हुकमी वाक्य होतं. अडचणीत धावून आलेल्या अनोळखी माणसाचे आभार मानायला भक्त वळतो, आणि ‘मागे वळून पाहिलं तर तिथे कोणीच नव्हतं.’ मूळ लेखात तो माणूस पुष्कळदा व्यवस्थित तिथेच असायचा. कधी कधी त्यानं आपला फोन नंबरसुद्धा दिलेला असायचा. पण लिहिण्याची सवय झाली की माणसं अदृश्य करायला फार वेळ लागत नाही.

परिवाराबद्दल मला कडवटपणे लिहायचं नाही. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आलो तेव्हा आमची मुलगी इरा दोन वर्षांची होती आणि आमचं इथे कोणी नव्हतं. तिला डेंगी झाला तेव्हा परिवारातल्या सहा घरांनी पाळीपाळीनं डबे पाठवले. तो वरणभात मी विसरणार नाही. गुरुजींबद्दलही माझी तक्रार नाही; त्यांनी मला कधी नीट पाहिलंच नाही, तर तक्रार कशाची करू? ते वर्षातून एकदा यायचे. त्यांच्यासाठी खुर्ची असावी की कोच, यावर तीन बैठका व्हायच्या. हॉलचं तापमान बावीस ठेवायचं की तेवीस, यावर एकदा दोन सज्जनांचं बोलणं बंद झालं. वैराग्यावरच्या प्रवचनासाठी फुलं विमानानं यायची. मला हे सगळं दिसायचं, मनातल्या मनात हसूही यायचं, आणि तरी मी जायचो. दिसणं आणि निघून येणं यांत माझी बरीच वर्षं गेली.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि आता आईची आठवणही हळूहळू निघाली होती. इराला ती माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. सत्संगाला मात्र हौसेनं यायची. गुरुजी येणार त्याच्या आठवडाभर आधी आमचे समन्वयक श्रीरंगदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, “यंदा आईंना घरीच राहू दे. परवा ध्यानात त्यांनी तीनदा विचारलं, जेवण कधी आहे म्हणून.”

तो प्रश्न ध्यानाला बसलेल्या निम्म्या लोकांच्या मनात होता, असं मला वाटलं. पण मी “बरं” म्हणालो. हे वाक्य इथे कापता आलं असतं. कापत नाही.

त्या रविवारी मी पांढरा झब्बा घालून निघालो तेव्हा आई सोफ्यावर बसली होती.

“कुठे रे?”

“गुरुजी आलेत.”

“मग मी?”

“तू आराम कर. मी प्रसाद आणतो.”

आईनं मान हलवली. माझी बायको मुग्धा फिजिओथेरपिस्ट आहे. ती नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ड्युटीवर होती. इरा आपल्या खोलीत दार लावून ऑनलाइन ट्यूशनला बसली होती. नंतर कळलं, की मी गेल्यावर आईनं ट्रंकेतली जांभळी नऊवार काढली, एकटीनं नेसली, गळ्यात परिवाराचं लॉकेट घातलं, बटवा घेतला आणि दर्शनाला निघाली.

हॉलच्या दारात आमच्याकडे फोन जमा करून घेत. मखमली पिशवी, पिशवीला नंबर, त्याच नंबरचा बिल्ला तुमच्याकडे. वर फलक होता: ‘मन आणि मोबाइल, दोन्ही इथेच ठेवा.’ ते वाक्य माझं. श्रीरंगदादांना फार आवडलं होतं. दहा ते दोन माझा फोन त्या वाक्याखाली पिशवीत थरथरत होता आणि आत गुरुजी सांगत होते, की तुम्ही हाक मारा, मी धावत येईन. मी डोळे मिटून मान डोलावत होतो.

बाहेर येऊन पिशवी उघडली तर एकोणीस कॉल. सहा इराचे, चार मुग्धाचे, नऊ एका अनोळखी नंबरचे. पहिला फोन मुग्धाला केला. ती ड्युटी सोडून आली होती, पोलिसांना कळवलं होतं, आणि आईला ट्रेन बघायला आवडते म्हणून ती आणि इरा एमआरटी स्टेशनच्या बाजूला शोधत होत्या. तिनं मला काही बोल लावला नाही. फक्त म्हणाली, “तू कुठे होतास, ते मला माहीत आहे.” मग त्या अनोळखी नंबरला फोन लावला. पलीकडून एक म्हातारी बाई ओरडलीच, “यू द सन, आ? व्हाय नेव्हर पिक अप? आय कॉल नाइन टाइम, लेह!”

आई आमच्या घरापासून तीन बस-स्टॉपवरच्या एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, होती. मी पोचलो तेव्हा ती ट्रे परत ठेवायच्या जागेजवळ एका गोल टेबलाशी बसली होती. समोर मायलोचा, म्हणजे इथल्या गरम चॉकलेटच्या पेयाचा, रिकामा कप. शेजारी सत्तरीची एक चिनी बाई, बुटकी, निळ्या एप्रनमधली, हातात ओलं फडकं. ती तिथली टेबलं पुसते. तिची कामाची पाळी अकराला संपली होती आणि आता अडीच वाजत आले होते. पोलिसांना बोलावते म्हटलं की आई तिचा हात घट्ट धरून रडायची, म्हणून ती नुसती बसून राहिली. आधी तिनं आईचं लॉकेट उघडून पाहिलं. आत गुरुजींचा फोटो. तोच हरवलेला मुलगा असावा असं समजून तिनं तो आसपासच्या टेबलांवर दाखवला. कोणी ओळखला नाही. मग बटव्याच्या आत शिवलेलं लेबल सापडलं. इराच्या बालवाडीच्या दप्तरावरचं जुनं लेबल, माझ्या नंबराचं. इरानं ते उसवून आजीच्या बटव्याला शिवलं होतं, आणि आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी आईला उठवलं, टॅक्सीत घातलं, घरी आणलं. त्या बाईला दोनदा थँक यू म्हणालो. नाव विचारलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी इरा आजीला बिलगून रडली आणि मग माझ्याकडे वळली. “पपा, यू ऑल पुट लॉकेट. आय पुट फोन नंबर, लाह. बट यू मस्ट पिक अप, राइट?” तेरा वर्षांच्या मुलीसमोर मी खिशातून फोन काढला आणि त्याचा आवाज पूर्ण वाढवला.

आई मात्र प्रसन्न होती. “फार चांगली बाई. चहा काही बरा नव्हता, पण गरम होता. बिचारीचा धाकटा मुलगा तिच्याशी बोलत नाही.”

“तुला कसं कळलं?”

“तिनं सांगितलं ना!”

“कुठल्या भाषेत?”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आठवण माझी गेली आहे. “भाषेत काय असतं? बसलो होतो दोघी. हे बघ, मला तिची ओटी भरायची आहे. विसरायच्या आत.”

विसरायच्या आत, असं ती स्वतः म्हणाली. महिनाअखेरीस माझी बहीण येऊन तिला साताऱ्याला घेऊन जाणार होती.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगदादांचा फोन आला. आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. “केवढी कृपा! गुरुजी इथे असतानाच! तूच लिही. विशेषांकात पहिलं पान.” मग जरा थांबून म्हणाले, “ते फोनच्या पिशवीचं नको घेऊस. उगाच लोकांचा गैरसमज होईल. लॉकेट मात्र ठळक येऊ दे. आणि त्या बाईचं दोन ओळींत उरक.”

“दादा, ती साडेतीन तास बसली होती.”

“निमित्त रे ती. निमित्ताला नाव कशाला?”

मी लिहायला बसलो. वन-नॉर्थच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. हात सरावलेला होता. पिशवी गेली. नऊ कॉल गेले. मायलो गेला. बाई ‘एक वृद्ध स्त्री’ झाली, मग तिच्या चेहऱ्यावर तेज आलं, आणि शेवटी माझ्या बोटांनी आपणहून टाइप केलं, ‘मागे वळून पाहिलं तर तिथे कोणीच नव्हतं.’ ते वाक्य मी बराच वेळ वाचत राहिलो. इतकी वर्षं मी ते लोकांच्या तोंडी घालत होतो. या वेळी ते माझ्या तोंडी होतं आणि मला माहीत होतं, की मी मागे वळून पाहिलेलंच नाही.

मी लेख पुन्हा लिहिला, या वेळी पिशवीसकट, फलकासकट, ‘बरं’ म्हणण्यासकट. दादांनी परत पाठवला. “यात भाव कमी आहे,” म्हणाले. मी तो मागे घेतला, मासिकाचं काम सोडलं, आणि दोन दिवसांनी परिवाराचा ग्रुप सोडला. कोणी भांडलं नाही. एका जुन्या मित्रानं प्रेमानं कळवलं, की तुझी परीक्षा चालू आहे. बाकीचे हळूहळू फोन करायचे थांबले. देवाशी भांडण नसताना देवघरासमोर काय बोलावं, हे मला कळेना. अकरा वर्षं बोलायला वाक्यं तयार मिळत होती. आता दिवा लावायचो आणि गप्प उभा राहायचो.

मात्र आई रोज विचारत होती, “त्या बाईकडे कधी जायचं?” यानंच मला धरून ठेवलं. आई गावाचं नाव विसरली, एका सकाळी माझंही नाव विसरली. ती बाई विसरली नाही. मी शनिवारी हॉकर सेंटरला गेलो. बाई नव्हती. नऊ कॉल आलेला नंबर लावला तर बंद. पुढच्या शनिवारीही ती नव्हती, आणि ज्याला त्याला विचारलं तर आंटी पुष्कळ आहेत, कुठली आंटी? माझंच वाक्य खरं ठरतंय की काय, अशी भीती मला तिथे वाटली. चमत्कार नसावा म्हणून देवाची इतकी मनधरणी फार थोड्या लोकांनी केली असेल. त्या दिवशी मी खरी प्रार्थना केली, बऱ्याच वर्षांत पहिली. ती मिळू दे. साधीसुधी, टेबल पुसणारी, मिळू दे.

तिसऱ्या शनिवारी आम्ही चौघंही गेलो. आईची बॅग भरून झाली होती. बहीण दोन दिवसांत येणार होती. आईच्या हातात पिशवी: तांदूळ, नारळ, सुपारी, हळदकुंकू आणि ट्रंकेच्या तळातला हिरवा खण. आत शिरताच आई म्हणाली, “ती बघ.”

ती तिथे होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला. गुडघा सुजला म्हणून दोन आठवडे घरी होती; फोन पाण्यात पडला होता. आईला बघून तिनं फडकं टेबलावर टाकलं आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. मी नाव विचारलं. सिउ लान. मग जरा भीत भीत मुलांचं विचारलं. दोन मुलगे. मोठा तिच्याजवळ राहतो. धाकटा परदेशात, चार वर्षं बोलत नाही. हे आईला कसं कळलं, ते मला माहीत नाही. इथे पूर्वी मी एक वाक्य घातलं असतं. आता घालत नाही.

“आंटी, माय ग्रँडमा वॉन्ट टू से थँक यू,” इरा म्हणाली, “युअर साडी नो हॅव, सो... एप्रन कॅन.”

“फॉर मी? व्हॉट फॉर?”

आईनं आपला पदर पसरून दाखवला. सिउ लान हसली आणि तिनं निळ्या एप्रनची दोन टोकं धरून झोळी केली. बाबा गेल्यापासून आईनं कोणाची ओटी भरली नव्हती. विधवेनं भरू नये, हे तिला कोणी सांगावं लागलं नव्हतं. तिनंच हात आखडता घेतला होता. मुग्धानं माझ्याकडे पाहिलं. आई ते विसरली होती की तिनं ते सोडून दिलं होतं, आम्ही विचारलं नाही. तिनं कुंकू लावलं. खण, नारळ, सुपारी ठेवली. तांदळाची ओंजळ पाच वेळा घातली, एकदाही मोजणी न चुकता. मग वाकायला लागली, तेव्हा सिउ लाननं तिला मधेच धरलं, आणि दोघी तशाच, एकमेकींना सावरत, थोडा वेळ उभ्या राहिल्या. चार दाणे फरशीवर सांडले. नमस्काराला म्हणून मीच खाली वाकलो आणि ते वेचत बसलो.

शरणागतीवर मी डझनावारी लेख तपासले आहेत, म्हणून त्यावर मोठं बोलायची भीती वाटते. सगळं वर सोपवून डोळे मिटणं म्हणजे शरण जाणं, असं मी धरून चाललो होतो. आईनं त्या रविवारी डोळे उघडे ठेवले आणि समोर जो हात आला तो धरला. तो कोणी पाठवला, याची तिनं चौकशी केली नाही. मीही आता करत नाही. सकाळी दिवा लावतो, आणि गप्प राहण्याआधी दोन-चार नावं घेतो. परिवारातल्या त्या सहा घरांची, ज्यांनी डबे पाठवले. इराचं. आणि सिउ लानचं.

निघताना आईला टॅक्सीत बसवलं. दार लावलं. मग मी मागे वळून पाहिलं.

ती तिथेच होती. कपाळावर कुंकू, एप्रनच्या खिशात नारळाचा फुगवटा, आणि एका हातानं टेबल पुसता पुसता दुसऱ्या हातानं आम्हाला ‘जा, जा’ म्हणून खुणावत होती.